हिंमतराव गुरुजींची साक्ष

हिंमतराव गुरुजींनी तोरणमाळच्या पायथ्याच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी रजिस्टरं नीटनेटकी ठेवण्यात गेली असावीत. रिटायर होऊन शहाद्याला आले, तरी कुणी चहाला बसवलं की सांगायचे, "मन्हा रजिस्टरमा एक बी खाडाखोड नही शे." आम्हाला ते पाठ झालं होतं.

मी वकील. माझी अशील मोहिनी, रेवजी पावरांची मुलगी, गुरुजींचीच विद्यार्थिनी. पोलीस भरतीसाठी पळायला बूट हवे होते. तिने शहाद्याच्या एका दुकानात नवे बूट पायात चढवले, जुन्या चपला खोक्यात ठेवल्या, खोकं फळीवर लावलं आणि बाहेर पडली. चौकापर्यंतही पोचली नाही. हिला पोलिसात घेऊन पोलिसांचा काय फायदा, असं माझ्या मनात येऊन गेलं.

बूट परत गेले, गुन्हा राहिला. शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जून दोन हजार सात, म्हणजे चोरीच्या दिवशी अठरा पूर्ण. फौजदारी कोर्ट, आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत चोरी. अठराच्या आत असती तर बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडली असती, नोकरीला ते आड आलं नसतं. आई सांगत होती, पोरगी काठी गावच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी झाली, शाळेत घातली तेव्हा पाचचीच होती. पण जन्म घरी झालेला. कोर्ट आधी मानेल असा कागद एकच, गुरुजींचा.

साक्षीला गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले. हा माणूस पोरीला सोडून रजिस्टर वाचवणार, या विचाराने मी आधीच चिडले होते.

"वय मी वाढवलं," ते म्हणाले. "दहा महिने. पहिलीला सहा पूर्ण लागतात. पट एकोणीस भरत होता, शाळा टिकवायला वीस लागत होते."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तेव्हा, साहेब."

मग अंगणवाडीची लसीकरणाची वही मागवली. तिच्यात आई सांगत होती तीच होळी निघाली. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं, आणि मला गुरुजींचा खरोखर अभिमान वाटला.

बाहेर आल्यावर मोहिनी त्यांच्या पाया पडेल असं वाटलं होतं. ती नुसती उभी राहिली.

"गुरुजी, पहिलीत मला वाचता येत नव्हतं. तुम्ही रोज मठ्ठ म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवायचे."

"हो," गुरुजी म्हणाले.

"मी पाच वर्षांची होते, हे तुम्हाला माहीत होतं."