फळ्यावरच्या दोन रेघा

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला की वॉचमन गेटजवळच्या भिंतीवर खडूने रेघ ओढतो. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरकी. ओलसर भिंतीवर खडूचा वास येतो आणि मला याच शहरातल्या चामराजपेटेतला आमचा शाळेचा वर्ग आठवतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट.

टीचर आम्हाला अशाच रेघांनी मोजायला शिकवत होत्या. घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न होता. वर आलेल्या प्रत्येक हाताची फळ्यावर एक रेघ. कन्नडपुढे पाच-पाच रेघांच्या जुड्याच जुड्या झाल्या. तमिळ, तेलुगू, उर्दूचंही बरं चाललं होतं. मराठीची पाळी आली तेव्हा मी बाकाकडे बघत हात वर केला. एकटीच असणार, हे ठाऊक होतं.

टीचरांनी एक रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी.

मी मान वळवली. माझ्याच बाकावरच्या सुधाचा हात वर होता. पहिलीपासून आम्ही एकत्र खेळत होतो, भांडत होतो, सगळं कन्नडमध्ये. एकमेकींच्या घरी मात्र कधी गेलो नव्हतो. ती राव, मीही राव. इथे कानडी घरांतही राव असतात. दोघींनी एकमेकींना कानडीच धरलं होतं.

"तुमच्या घरीही मराठी?" तिने हळूच विचारलं, तेही कन्नडमध्येच.

"हौदु," मी होकार दिला.

आता सगळं बदलेल, असं तेव्हा वाटलं होतं. पण सवयीने आम्ही कन्नडच बोलत राहिलो, अजूनही बोलतो. फक्त ज्या दिवशी तिची आई गेली, त्या दिवशी तिने फोनवर ते मराठीत सांगितलं.