दिवसाला एक डाव

मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, टेलिफोनची खोली होती. खोली आपली नावाला. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. तिथे सकाळी सात ते दुपारी तीन एक बाई बसायची. बाहेरून फोन आला की "नमस्कार, बोला" म्हणायचं आणि ज्याला जो हवा त्याला तो जोडून द्यायचा, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने ते केलं. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला हॅलोताई म्हणत.

दुपारी तीनला तिची खुर्ची घ्यायला जो यायचा, त्याला सगळे तीनवाले म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी, तीही शिकायला दूर. फोनवर गोड आणि एरवी तोंडात मिठाची गुळणी, असा माणूस. अख्खं हॉस्पिटल तिला हॅलोताई म्हणायचं, हा एकटा नुसतं "हॅलो" म्हणायचा. "काय हॅलो, आज फार वाजले का फोन?" ताई हा शब्द त्याच्या तोंडून नऊ वर्षांत एकदाही निघाला नाही. तिने हे पहिल्याच महिन्यात टिपून ठेवलं होतं. अशा गोष्टी बायकांना कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

दोघांची भेट रोज दहा मिनिटांची. कुठली लाईन खरखरतेय, कोण डॉक्टर रजेवर आहे, हे तिने सांगायचं, त्याने ऐकायचं, रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या. मग तिने पर्स उचलायची. दहा मिनिटांत काय बोलणार माणूस? आणि तेही मधेमधे फोन घणघणत असताना.

मग, तो आला त्याच वर्षी, ते मशीन आलं. कोणा पेशंटचं बाकावर राहिलेलं, हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं जुनं यंत्र. करड्या रंगाचं, विटेएवढं जड, पडदा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. वर्षभर ते हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात पडून होतं. कोणी न्यायला आलं नाही तेव्हा कपाटवाल्या कारकुनाने ते या खोलीत आणून टाकलं. आत एकच कॅसेट होती, पत्त्यांच्या जुगाराची. पाच पानं मिळणार, नको ती बदलायची, मग हवी तेवढी नाणी लावायची. समोरच्याने तेवढीच लावून पानं दाखवायची, नाहीतर पॅक, म्हणजे पानं टाकून डाव सोडायचा. नाणी अर्थात पडद्यावरचीच. मशीनशी खेळता यायचं, आणि दोघांना आळीपाळीने एकमेकांशीही.

आळीपाळीने! यांच्या नोकरीला याहून सोयीचं काय असणार? तिने दुपारी आपली पानं बघून नाणी लावायची आणि मशीन खणात ठेवायचं. त्याने संध्याकाळी ते काढून आपलं उत्तर द्यायचं. दुसऱ्या दिवशीचा डाव त्याने सुरू करायचा, तिने त्याच्या पुढच्या सकाळी येऊन उत्तर द्यायचं. दिवसाला एक डाव. इतका सावकाश जुगार जगात दुसरा कोणी खेळला नसेल.

पहिल्याच आठवड्यात तो सही करता करता म्हणाला, "पैज लावायची का? ज्याची नाणी आधी संपतील, त्याने मनातली गोष्ट सांगायची."

"कुठली गोष्ट?"

"जी असेल ती."

तिने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. "चालेल," ती म्हणाली आणि त्या दिवशी बसचा थांबा मागे टाकून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली.

आता सरळ हिशेब असा, की त्याची नाणी संपवायची आणि ऐकायचं. तिला ऐकायचंच होतं, यात काडीची शंका नव्हती. पण त्याच्या मनात भलतंच काही निघालं तर? बदली मागितलीय, किंवा दुसरं लग्न ठरलंय, असं काही? मग ती दहा मिनिटंही गेली. तेलही गेलं नि तूपही गेलं. म्हणून त्याची नाणी कमी होऊ लागली की ती जपायची. हातात चार राण्या आल्या तरी पॅक करायची. आणि स्वतःची कमी झाली की दोन डाव मन लावून खेळायची, कारण स्वतः सांगायची वेळ आली असती तर तिची जीभ टाळ्याला चिकटली असती. अशी नऊ वर्षं गेली. नाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे. संपली कोणाचीच नाहीत, आणि तिला वाटायचं, हे सगळं आपल्या एकटीच्या हुशारीने चाललंय.

त्या मशीनमध्ये हिशेबाचं एक पान होतं. शेवटच्या दहा डावांत कोणाच्या हाती काय होतं, ते उघडं करून दाखवणारं. दोघांना ते लगेच सापडलं आणि दोघांनी ते लगेच बंद केलं. "लाईन जोडली की कान काढायचा," तो म्हणाला. टेलिफोनवाल्यांचा हा पहिला धडा. दोन माणसं बोलायला लागली की आपण तिथे नाही. कितीतरी लोकांची जन्ममरणं त्यांच्या कानाशेजारून गेली, पण त्यांनी ऐकली नाहीत. ते एकमेकांची पानं चोरून बघणार होते होय?

मग हॉस्पिटलने नवी यंत्रणा घेतली. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. साहेबांनी दोघांना बोलावून पेढा द्यावा तशी बातमी दिली. त्याला दुसऱ्या गावच्या शाखेत, भांडारात. तिला लवकर निवृत्ती. हातात पंधरा दिवस.

तेरा दिवस तिने नुसते जाऊ दिले. शेवटून दुसऱ्या दिवशी मात्र तिने मनाचा हिय्या केला. त्याला सांगायचं नसेल तर आपण सांगू, पण नियमाने सांगू. पानं आली ती रद्दी. सगळ्यांत मोठं पान सत्ती. तिने त्या सत्तीवर आपली एकूण एक नाणी लावली. त्याच्या हातात काहीही असो, तो जिंकणार. म्हणजे उद्या आपल्याला बोलावंच लागणार. बसमध्ये ती वाक्यं जुळवत घरी आली.

सकाळी ती ठेवणीतली निळी साडी नेसून गेली. खण उघडला, मशीन चालू केलं. त्याने पॅक केलं होतं.

ती कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. दोन फोन वाजून थांबले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला ऐकायचंच नाही, तिला वाटलं. सगळं समोर मांडलं आणि याने पानं टाकली. याहून स्पष्ट माणूस आणखी काय बोलणार?

दुपारी तो आला. लाईन खरखरतेय का, त्याने विचारलं. नाही म्हणाली. सह्या झाल्या.

"मशीन तुम्ही ठेवा, हॅलो."

"मुलीला द्या ना तुमच्या."

"तिला पत्ते आवडत नाहीत." त्याने रजिस्टर मिटलं. तिने पर्स उचलली. मग तो म्हणाला, "चला, येतो उद्या तुमच्या घरी, गावाला निघायच्या आधी, जमलं तर."

जातो म्हणायचं नसतं, म्हणून माणसं येतो म्हणतात. तो काही आला नाही.

ती भावाच्या घरी राहत होती. दोन वर्षं तिने वहिनीबरोबर भाज्या निवडल्या, पडद्यांना किनारी लावल्या, आणि रोज तीन वाजता कारण नसताना उठून पाणी प्यायली. रोज. घड्याळाकडे न बघता तिला तीन वाजलेले कळायचे. मशीन शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली. त्याची आठवण येते, असं ती कोणाला म्हणाली नाही, पण यायची. फार यायची. जेवताना यायची, फोन वाजला की यायची. त्याने नुसतं "हॅलो" म्हणावं आणि आपण पर्स उचलावी, एवढंच पुन्हा एकदा घडावं असं तिला वाटायचं.

तशात वहिनीचा पाय मोडला. प्लास्टरमधला पाय उशीवर आणि तोंडाचा पट्टा चालू. सुई शोधता शोधता तिच्या हाती डबा लागला आणि डब्यात मशीन. वहिनीला ना टेलिफोनचा धडा माहीत, ना कुठला. दिसेल ते बटण दाबायचं, हा तिचा स्वभाव. पाच मिनिटांत तिने हाक मारली.

"वन्सं, इकडे या आधी! हे तुमचे डाव ना? अहो, चार राण्या हातात असून पॅक? डोकं ठिकाणावर होतं का?"

"बंद करा ते, वहिनी. ते बघायचं नसतं."

"बघून झालं माझं. आणि हे दुसरे कोण? हे तर तुमच्यापेक्षा शहाणे! इथे चार एक्के टाकलेत. इथे पाचही पानं बदामाची, टाकली. आणि हा शेवटचा बघा. तुमच्याकडे नुसती सत्ती, यांच्याकडे तीन राजे, दोन दश्श्या. जिंकलेला डाव की हो! अशी पानं कोणी टाकतं?"

हॅलोताई पलंगाच्या कडेवर बसली. मशीन तिने हातात घेतलं आणि नऊ वर्षांत न पाहिलेलं ते पान वरून खाली वाचलं. दहा डाव. तिच्याकडे चांगली पानं आली की तिने टाकलेली, त्याच्याकडे आली की त्याने. तिला बोलायची वेळ येऊ नये म्हणून तो राजे टाकत होता आणि त्या जपण्यालाच नकार समजून तिची दोन वर्षं कडू झाली होती. "गाढव आहोत आम्ही," ती म्हणाली आणि रडायला लागली. वहिनीने आपला पदर तिच्यापुढे केला.

दुसऱ्या दिवशी तिने त्या शाखेला फोन लावला. भांडारासाठी सहा दाबा. सहा दाबलं. नंतर बाजा वाजत राहिला. पुन्हा सहा दाबा. "मेली माणसं काय जेवायला गेलीत सगळी?" म्हणत तिने फोन आपटला. जोडून देणारं पलीकडे कोणी उरलंच नव्हतं.

मग तिने नवा डाव मांडला. नेमके दोन एक्के आले, मेले! तिने ते मुद्दाम बदलले, रद्दी मिळाल्याची खात्री करून घेतली आणि सगळी नाणी लावली. मशीन जुन्या टॉवेलात गुंडाळलं. सोबत चिठ्ठी ठेवली: "आधी ते पान बघा. मग खेळा." पार्सल भांडाराच्या पत्त्यावर गेलं.

अकरा दिवस ती दारापाशी घुटमळली. बदली झाली असेल. पार्सल दुसऱ्याच कोणी उघडलं असेल. नाहीतर त्याने बघितलं असेल, हसला असेल आणि खणात टाकून दिलं असेल. वहिनी म्हणाली, "त्या उंबऱ्याला खड्डा पडेल, बसा जरा."

बाराव्या दिवशी तोच टॉवेल परत आला. तिने उभ्याउभ्याच मशीन चालू केलं. या वेळी त्याने पॅक केलं नव्हतं. चार एक्के टाकणाऱ्या माणसाने दोन दुर्र्यांवर तिच्याएवढी नाणी लावली होती, आणि तो जिंकला होता. तिच्या नावापुढे शून्य होतं. टॉवेलाच्या घडीत एक कागद होता, त्यावर नुसता फोन नंबर.

वहिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं, कान मात्र इकडेच ठेवले. तीन वाजायला दोन मिनिटं होती. तिने नंबर फिरवला. एकदाच वाजला.

"नमस्कार, बोला," पलीकडून तो म्हणाला. जुनी सवय.

"हरले मी," ती म्हणाली. "आता ऐका."