अर्धं ऐकू येणारी खिडकी

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवायचे, तो त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, घासूनपुसून चकचकीत करायचा आणि डबीत घालून परत पाठवायचा. अठ्ठावीस वर्षं हेच काम. हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली होती, पण त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिला नव्हता. कामाची जागा म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली लांबट खोली. तीन टेबलं, एक घासायचं यंत्र आणि सगळ्यांच्या भुवयांवर पांढरी भुकटी.

सहा वर्षांपूर्वी मालकाने तिथे कंप्युटर आणला. यापुढे दातांचे आकार आधी पडद्यावर काढायचे, असं ठरलं. दोन आठवड्यांच्या शिकवणीला कोणाला पाठवायचं, यावर तिघेही एकमेकांकडे बघत बसले, आणि ज्याने आधी मान खाली घातली त्याचा नंबर लागला. तो हाच.

तिथे त्याला एक गंमत कळली. पडद्यावर काढलेली वस्तू नुसती गोल फिरवता येते असं नाही, तिला चालवता येतं, उडी मारायला लावता येते. त्याने घरी एक जुना कंप्युटर आणला, फुकट मिळणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला आणि महिनाभर खटपट करून एक कवळी पडद्यावर टुणटुण उड्या मारत नेली. पंचेचाळिशीच्या माणसाला इतका आनंद होणं बरं नव्हे, असं त्याला स्वतःलाच वाटलं.

मग शोधता शोधता स्पर्धा सापडली. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या हौशी मंडळींची. दर दोन-तीन महिन्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक विषय जाहीर व्हायचा, आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यावर एक व्हिडिओ गेम बनवून द्यायचा. बक्षीस काही नाही. एकमेकांचे गेम खेळायचे, दोन शब्द लिहायचे, गुण द्यायचे. पहिल्या खेपेला त्याचा गेम तीनशे बावन्नांत तीनशे चाळिसावा आला. "म्हणजे बारा जण माझ्याही मागे आहेत!" असं तो त्या दिवशी कामावर सांगत सुटला. शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणाला, "त्या बारा जणांनी अर्धाच दिला असेल." ते खरंच होतं, पण त्याने काही उत्साह कमी झाला नाही. पुढे चौदा वेळा त्याने भाग घेतला आणि दरवेळी तळाशीच घुटमळला.

घरी तो आणि त्याची मोठी बहीण. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी. लग्न दोघांचंही झालं नाही. का झालं नाही हे विचारायचं आता नातेवाइकांनीही सोडलं होतं. ताई पोस्टात होती, खिडकीवर. तिकिटं, रजिस्टर, पार्सल, मनीऑर्डरी. नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी आणि डोक्यावर घट्ट अंबाडा. स्पर्धेला ती 'तुझी परीक्षा' म्हणायची. शुक्रवारी सकाळीच दोन दिवस पुरेल एवढं रांधून ठेवायची आणि एकच अट घालायची: "दहाला दिवा बंद. डोळे गेले तर कवळ्या कोण बनवणार?" गेम मात्र तिने एकही खेळला नव्हता. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणायची.

ताईला कमी ऐकू यायला लागलं होतं. हे त्याला दोन वर्षांपासून दिसत होतं. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. हाक मारली तर ती भलत्याच दिशेला बघायची. एकदा त्याने भीत भीत विषय काढला, तर ती उसळून म्हणाली, "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हा लोकांनाच पुटपुटायची सवय लागलीय." पुन्हा त्याने नाव काढलं नाही.

त्या शुक्रवारी सहाला विषय आला: 'अर्धं'.

त्याने अर्धा चंद्र काढला, खोडला. अर्धा पूल काढला. अर्ध्या दाताचा एक राजा काढला, तोही खोडला. दहाला दिवा बंद झाला तेव्हा त्याच्या हातात काहीही नव्हतं.

शनिवारी सकाळी तो न्हाणीघरातून ओरडला, "ताई, साबण संपलाय!"

बाहेरून उत्तर आलं, "कोण थांबलंय?"

"साबण!"

"मग त्यांना बसव ना आत! असं दारात उभं करतात का कोणाला?"

अंगावर पाणी निथळत तो तिथेच हसत उभा राहिला. आणि हसता हसता त्याला गेम दिसला.

दिवसभर तो खुर्चीवरून हलला नाही. एक खिडकी. खिडकीमागे एक बाई. समोर रांग. येणारा प्रत्येक जण काहीतरी मागतो, पण शब्द अर्धेच ऐकू येतात, मधे मधे गाळलेले. खेळणाऱ्याने अंदाज बांधायचा आणि तिकीट, पावती, अर्ज, पाकीट यांतली बरोबर वस्तू पुढे सरकवायची. चुकलं की माणूस लालबुंद होऊन आरडाओरडा करणार. तीनदा चुकलं की खेळ खलास. रांगेतल्या सगळ्यांचे आवाज त्याने स्वतःच काढले, म्हाताऱ्याचा, बाईचा, घाईतल्या साहेबाचा. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून. ताई पलीकडे पेपर वाचत होती. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा क्षणभर त्याला कसंसंच झालं. पण हात थांबले नाहीत. पहिल्यांदाच त्याचा गेम वेळेच्या बऱ्याच आधी पुरा होणार होता.

रविवारी सकाळी ताई चहा घेऊन आली आणि कप तसाच हातात धरून पडद्याकडे बघत राहिली.

"ही कोण?"

तो गडबडला. "कोण म्हणजे... अशीच एक बाई."

"चष्म्याला दोरी. अंबाडा." ताईने कप खाली ठेवला. "माझ्याच खुर्चीत बसलीय. काय करते ही?"

त्याने सांगितलं. ताईने मधे एकदाही 'काय?' म्हटलं नाही, नुसती त्याच्या ओठांकडे बघत होती.

"आमच्या ऑफिसातलं कोणी बोललं का तुझ्याशी?"

"नाही गं. कोणी नाही."

"मग तुझं तूच ठरवलंस. माझी टिंगल करायची, ती पण जगाला दाखवून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "घरातल्या घरात तरी मला वाटत होतं, कोणाच्या लक्षात येत नाहीये."

तिने पिशवी उचलली आणि ती भाजी आणायला म्हणून निघून गेली. जाताना दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

टिंगल करायचा त्याचा हेतू नव्हता, हे शंभर टक्के खरं. पण आपण तिला विचारलं नाही, हेही तेवढंच खरं. तिच्या कानांबद्दल तिच्याशी बोलायचा धीर झाला नाही आणि तीनशे परक्यांपुढे मांडायला निघालो. त्याने सगळा गेम उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. पडद्यावरच्याच टोपलीत.

ताई एकच्या सुमारास परत आली. भाजी तशीच ठेवून तिने त्याच्याशेजारी स्टूल ओढलं.

"दाखव."

"काढून टाकला मी, ताई. चुकलंच माझं."

"काय टाकलंस?"

तो तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "गेम. काढून. टाकला."

"मग परत काढ. मी काय नुसतं चित्र बघून भांडू?"

गेम टोपलीतून बाहेर आला. ताईने गेमसाठी पहिल्यांदाच माऊस धरला, तोही लाटणं धरल्यासारखा. दोन माणसांत चुकली, तिसऱ्यात चुकली, खेळ खलास. पुन्हा खेळली. पुन्हा खलास. मग चष्मा काढून म्हणाली, "चूक आहे हे."

"काय चूक आहे?"

"असं नसतं. तू मधले मधले शब्दच काढून टाकलेस. मला सगळे शब्द येतात रे. आवाज येतो, पण त्याच्या कडा येत नाहीत. क जातो, त जातो, स तर कधीचाच गेला. पाकीट, पावती, पाटी... मला नुसतं पा ऐकू येतं आणि पुढे धुकं. आणि ती समोरची काच, तिच्यामुळे अजूनच. खाली बघून बोलणारे तर माझे वैरी. मिशीवाल्यांचे ओठ दिसत नाहीत."

तो भराभर लिहून घेत होता.

"आणि दुसरं. कोणी रागावत नाही."

"म्हणजे?"

"तुझी माणसं लाल होतात, ओरडतात. तसं कोणी करत नाही. रागावले तर पुन्हा मोठ्याने तरी सांगतील. मी दोनदा 'काय?' म्हटलं की ते म्हणतात, 'जाऊ दे, काही नाही.' आणि जातात." हातातला चष्मा पुसत ती पुढे म्हणाली, "दिवसातून दहादा ऐकते मी ते. जाऊ दे, काही नाही. ते मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू येतं."

परवाच आपणही टीव्हीसमोर तिला हेच म्हणालो होतो, हे त्याला आठवलं. तिलाही आठवत असणार.

"किती वेळ आहे तुझ्या परीक्षेला?"

"पावणेपाच तास."

"मग बसलायस काय?"

शब्दांच्या कडा नेमक्या कुठे झिजवायच्या, हे कळायला त्यांनी एक युक्ती केली. ताई पाठ करून बसली. तो मागून एकेक शब्द बोलायचा आणि तिला ऐकू येईल ते ती कागदावर लिहायची. चाळीस शब्द झाले. कागद पाहिला तर सतरा बरोबर होते. दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिली. तेवीस चुकांमध्ये तिने स्वतःच्याच अक्षरात आपलं गुपित लिहून दिलं होतं. मग ताईने कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. "चल, पुढे चल," म्हणाली.

लालबुंद चेहरे गेले. 'तीन चुका की खलास' गेलं. आता चुकलं की माणूस हळूच 'जाऊ दे, काही नाही' म्हणतो, वळतो आणि रांग एका माणसाने लहान होते. शेवटी खिडकीसमोर कोणीच उरत नाही. एवढंच. खिडकीतल्या बाईचं काय करायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे तशीच. फक्त अंबाडा जरा नीट काढ, घरटं वाटतंय."

सहाला आठ मिनिटं कमी असताना गेम रवाना झाला, आणि रवाना झाल्यावर चूक सापडली. शेवटचा माणूस 'जाऊ दे' म्हणून वळायचा, पण जायचाच नाही. खिडकीसमोर आडवा उभाच राहायचा. दुरुस्तीला वेळ नव्हता. त्याने कपाळावर हात मारला.

तीन आठवडे लोक गेम खेळत होते आणि खाली लिहीत होते. एकाने लिहिलं, "शेवटचा माणूस निघून जात नाही, यात सगळं आलं. डोळे भरून आले." आणखी सहा जणांनी त्याला दुजोरा दिला.

"मी खरं काय ते सांगून टाकतो," तो म्हणाला. "ती चूक आहे."

"काही गरज नाही. गप्प बस," ताई म्हणाली. "भरू दे त्यांचे डोळे."

पण एका मजकुरापाशी ती अडली आणि तो तिने दोनदा वाचला. कोणा परक्या बाईने लिहिलं होतं: "माझे वडील हल्ली जेवताना मधेच उठून जातात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी तिरसट झाले. काल मी मोजलं. एका जेवणात आम्ही त्यांना चार वेळा 'जाऊ दे' म्हणालो."

निकाल लागला. तीनशे सत्तरांत एकेचाळिसावा, आणि आवाजाच्या विभागात चौथा. ज्याची कवळी तळाशी उड्या मारायची, तो माणूस खुर्चीतून उठून गॅलरीत गेला आणि परत आत आला.

"आवाजात चौथा?" ताईने विचारलं. "आणि आवाज ठरवले कोणी? मी. मग पहिले तीन कोण आहेत ते बघू दे मला."

कानाच्या डॉक्टरकडे ती त्यानंतरच्या सोमवारी गेली. एकटीच. 'तू आलास तर डॉक्टर तुझ्याशीच बोलत बसतील,' म्हणाली. चष्म्याच्या डबीतला कागद तिने डॉक्टरपुढे ठेवला, तेव्हा ते म्हणाले की इतकी व्यवस्थित तयारी करून कोणी येत नाही. पंधरा दिवसांनी दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिल्या दिवशी ती वैतागून गेली. पिशव्यांची कुरकुर, भांड्यांचा खणखणाट, जिन्यातली पावलं, सगळं एकदम अंगावर आलं. ऑफिसात तिने साहेबांना स्वतःच सांगितलं आणि खिडकीच्या काचेला बोलण्यापुरती एक गोल जाळी बसवून घेतली. तिच्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ दोन दिवस त्या जाळीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीही मागितली.

यंत्रांनी सगळं येतं असं नाही. गर्दीत अजूनही धुकं असतं. पण आता ती 'काय?' न लाजता विचारते, आणि तो पुन्हा सांगतो, तिच्याकडे तोंड करून.

पुढच्या स्पर्धेला स्टूल शुक्रवारीच ओढलं गेलं. विषय होता 'उलट'. पहिल्या तासातच दोघांचं वाजलं. त्याला उलटी चालणारी माणसं हवी होती, तिला उलटं वाढणारं झाड. शनिवारी दुपारपर्यंत अबोला. रविवारी दोघांनी मिळून झाडावरून उलटा उतरणारा एक माणूस काढला, आणि त्या माणसाच्या पायांचा आवाज ताईला पटेपर्यंत सहा वाजून चार मिनिटं झाली. गेम घेतला गेला नाही.

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"चप्पल घातलेला माणूस अनवाणी वाजत होता, ते चाललं असतं तुला?" ती म्हणाली, आणि त्याने पुन्हा एकदा लावलेला तो आवाज डोळे मिटून ऐकू लागली.