मामांचं गाऱ्हाणं

जगात भिण्यासारखं जेवढं काही आहे, तेवढं माझ्या मिठबावच्या मामांना भ्यायला पुरत नसे. जन्म समुद्राकाठी गेला, पण पाणी कधी गुडघ्याच्या वर येऊ दिलं नाही. कुत्रा, वीज, इंजेक्शन, मामीचं गप्प बसणं, सगळ्याचीच धास्ती. आणि नेमक्या अशा माणसाकडे गावाचं गाऱ्हाणं! जत्रेला, लग्नाला, नवी होडी पाण्यात लोटताना देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या काळज्या मोठ्यानं सांगायच्या आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

दिवसभर माडांना पाणी लावून, काजू वेचून, पोराबाळांचा संसार ओढून मामा देवळात येत. कुणाचं नाव राहिलं आणि नेमकं त्यालाच काही झालं तर? या भीतीनं गाऱ्हाणं लांबतच जाई. मुंबईकर, एसटीचा ड्रायव्हर, वाडीचा ट्रान्सफॉर्मर, कुणी म्हणून सुटत नसे. एकदा वाडीत बिबट्या फिरत होता, तेव्हा म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या वाघाक पोटभर खावक घाल, पण दुसऱ्या गावात!” ‘व्हय म्हाराजा’ म्हणता म्हणता सगळे हसून लोळले. शेजारच्या गावाहून आलेले व्याही तेवढे हसले नाहीत. माझ्या बाळंतपणात तर मामांनी डॉक्टरीणबाईंना शांत झोप लागावी म्हणूनही गाऱ्हाणं घातलं होतं. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही मागितलं नाही. लाज वाटे.

ऐंशी उलटल्यावर पोटाचं ऑपरेशन निघालं. आत न्यायच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

“माका भय वाटता गो. माझा गाऱ्हाणा कोण घालतलो?”

त्यांचा थोरला मुलगा मान खाली घालून उभा. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण भीतीनं माझंच तोंड उघडलं.

“बा देवा म्हाराजा, माझ्या मामाक सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!”

वॉर्डातले सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. शेवटी खाटेवरून मामाच बारीक आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग शेजारच्या खाटेकडे डोळे वळवून, “तेचा पण नाव घे गो. तो रवलो.”

मी घेतलं. शेजारचा बरा होऊन घरी गेला. मामा आले नाहीत.

आता गाऱ्हाणं थोरला घालतो. “सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा,” एवढंच, नीटनेटकं. लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून प्रसादाकडे वळतात. मी तशीच उभी राहते. त्या सगळ्यांत मी आहे की नाही, याची मला आता भीती वाटते.