बगळ्यांच्या मरणाचा शोध घेणाऱ्या कुसुमताई

प्रा. कुसुमताई पाठक यांची आणि माझी पहिली भेट अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवा डेमॉन्स्ट्रेटर होतो. टेबलावर एक मेलेला बगळा होता. अकोल्याजवळच्या नाल्यावर असे बरेच पडले आहेत, असे सांगून बाईंनी विचारले, "उद्या याल का माझ्यासोबत?"

नाल्याकाठी मारोतराव या बागायतदारांची वांग्याची वाडी होती. पाण्यावर मेलेले मासे तरंगत होते आणि बायका ते टोपलीत भरत होत्या. हेच मासे खाऊन बगळे मेले असावेत, असे सांगून बाईंनी आधी ते खड्ड्यात पुरायला लावले. मग त्यांनी वाडीवरच्या कीटकनाशकाबद्दल विचारताच मारोतराव चिडले.

"फवारा बंद कराले सांगून राहिल्या काय? अळी सारी वाडी खाईन. मंग आमी काय करावं?"

"बंद करा म्हणत नाही. पंप कुठे धुता, तेवढे दाखवा."

फवारणीचा पंप नाल्यातच धुतला जात होता. बाईंनी त्या जागेच्या वरचे आणि खालचे पाणी दोन घागरींत घेतले, दोन्हींत जिवंत मासे सोडले आणि मारोतरावांनाही शेजारी बसवून घेतले. दुपार कलली तेव्हा खालच्या पाण्यातले मासे उलटे झाले होते. मारोतरावांनी घागरीत वाकून पाहिले. मग म्हणाले, "हेच पानी आमची ढोरं पेतात, बाई." त्याच आठवड्यात त्यांनी पंप धुण्यासाठी नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा खणला.

बाई फवारणीच्या औषधांविरुद्ध प्रचार करतात, अशी एका औषधविक्रेत्याने प्राचार्यांकडे तक्रार केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी औषधाच्या विरुद्ध नाही. ते पाण्यात गेल्यावर कोणाकोणाच्या पोटात जाते, एवढेच विचारते आहे." काम थांबले नाही.

पुढच्या हंगामात नाल्याच्या डोहात जिवंत मासे दिसले. आता सारे ठीक झाले असे लिहू का, असे मी उत्साहाने विचारले. "मासे आले. बगळे अजून यायचे आहेत. दिसले तेवढेच लिहा." शास्त्र म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

माझी आई आजारी पडली तेव्हा बाई राजापेठेतल्या माझ्या खोलीवर मऊ भाताचा डबा घेऊन आल्या. "आईंजवळ बसा. प्रात्यक्षिके मी घेते," म्हणाल्या. आई बरी होईपर्यंत त्यांनी माझे सगळे वर्ग घेतले आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेखही केला नाही.

बाई आता साठीत पदार्पण करीत आहेत. निवृत्तीनंतर वर्धा नदीकाठ कौंडण्यपूरपासून पायी पाहायचा त्यांचा बेत आहे. त्यासाठी त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय लाभोत. आणि त्यांच्यामागून चालण्याचे भाग्य आम्हा सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षे मिळो.