फेट्याखालचे कान

ऐन श्रावणात पेण सोडणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. आमचा गणपतीचा कारखाना, आणि श्रावणात हातावरचा रंग धुवायलाही कुणाला फुरसत नसते. रामवाडीला हायवेच्या कडेला विमानतळाची गाडी उभी होती. आई डिकीतला लाडवांचा डबा पुन्हा पुन्हा हलवून बघत होती. माझे वडील, म्हणजे दादा, कोपरापर्यंत पिवळ्या रंगात माखलेले, कारखान्यातून तसेच उठून आले होते. म्हणाले, "सीझनात कोण घर सोडतो रे? आणि तेही तिकडं बाहुल्या करायला." आई म्हणाली, "उभ्यानं खात जाऊ नको."

दोघांचंही म्हणणं खरं ठरलं. बाहुल्याच करायला चाललो होतो, आणि उभ्यानंच खातोय आजतागायत.

इथे मॉन्ट्रियलला मी फायटिंग गेममधली माणसं घडवतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच बाहेर पडले, त्यांच्या मुलांना विचारा म्हणजे कळेल. दोन भिडू एकमेकांना बडवतात आणि आपण सोफ्यावर बसून बटणं दाबतो. माझा पहिला भिडू समोरून देखणा झाला. छाती, चेहरा, डोळ्यांची आखणी, सगळं दादांना दाखवावं असं. मीटिंगमध्ये तो पडद्यावर आणला, तर कुणीतरी त्याला बाजूला वळवायला सांगितलं. फायटिंग गेममध्ये माणूस बाजूनं दिसतो हो. बाजूनं माझा पैलवान आरतीची वाट बघत बसल्यासारखा दिसत होता, आणि पाठ तर नुसती फळी. आमच्या कारखान्यात पाठीवर कुणी वेळ घालवत नाही. "पाठ मखराकडं असते, कोण बघतोय?" हे दादांचं वाक्य. तेच धोरण मी विमानानं कॅनडाला नेलं होतं.

असो, शिकलो. हेही शिकलो की ही माणसं आभाळातून पडत नाहीत. निम्मी टीव्हीवरच्या कुस्तीतून येतात, मुखवटा, चमकीचा झगा आणि रिंगणात शिरतानाचं गाणं घेऊन. उरलेली मारामारीच्या सिनेमांतून आणि रॉक गायकांच्या केसांतून. पडद्यावर अंगठ्याएवढा दिसला तरी भिडू ओळखू यायला हवा, म्हणून सगळं भडक. त्यामुळे प्रत्येक देशाच्या वाट्याला एकच सोंग येतं. भारताच्या वाट्याला साप नाहीतर साधू.

गेल्या वर्षी 'इंडियन रेसलर' माझ्याकडे आला, कारण "तू तिकडचाच ना." मी ठरवलं, हा नथुमामा होणार. नथुमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ, रोह्याजवळच्या गावात भात आणि वाल पिकवणारा. तरुणपणी जत्रेत कुस्त्या करायचा. अंगानं सडपातळ, काटक्यांसारख्या पोटऱ्या, आणि दोन्ही कान कुस्तीत रगडून, मोडून कारल्यासारखे झालेले. ते कान म्हणजे माझ्या बालपणाचा अभिमान. टीव्हीवरच्या पैलवानांचे पत्ते आम्ही शाळेत खेळायचो, त्यांची छाती आणि वजन पाढ्यांआधी पाठ होतं. पण माझा मामा खरा होता, त्याचे कान साक्षीला होते. आखाड्यात समोरच्याचे कान बघूनच माणूस सावध होतो.

मी ते कान मन लावून केले. माझी लीड, म्हणजे टीमची प्रमुख, क्लेअर. बाई फार गोड, नकार देतानासुद्धा आधी कौतुक करते. म्हणाली, "सुंदर आहेत. पण एवढ्या लहान पडद्यावर दिसणार नाहीत. मोठा फेटा देऊ या. आणि खांद्यावर नाग?"

"आमच्याकडे कुस्तीत फेटा नसतो," मी म्हणालो. "लंगोट असतो."

"लंगोटावर वयाचं रेटिंग बदलतं. मग लहान मुलांना गेम विकता येत नाही."

नाग मी हाणून पाडला. फेट्यासाठी महिनाभर भांडलो. तो थेट कानांवरून जात होता. कान गेले की उरतो कोण? मी चित्रं दाखवली, भाषणं दिली, घरी येऊन बायकोलाही दिली. ती म्हणाली, "तुझे दादाही असेच चिडायचे की."

चिडायचे खरे. मालिकेतल्या देवासारखे पोटाला सिक्स-पॅक असलेला गणपती मागणारं गिऱ्हाईक आलं, की दादा म्हणायचे, "देव हाय का जिमचा मास्तर?" आणि दुसऱ्या दिवशी साचा करायला घ्यायचे.

मी मात्र माघार घेणार नव्हतो. शेवटचा उपाय म्हणून रविवारी सकाळी नथुमामाला व्हिडिओ कॉल लावला. खुद्द पैलवानच म्हणाला की फेटा नको, तर क्लेअर काय बोलणार? लंगोटातलं आणि फेट्यातलं, दोन्ही चित्रं दाखवली. मामानं फोन नाकाला लावून पाहिलं.

"हा लंगोटवाला कोण?"

"तू, मामा."

"आरं मेल्या, जगासमोर लंगोटावर उभा केलास? आन् टांगा बघ, बगळ्याच्या." मागून मामीचं हसू ऐकू आलं. "ह्यो फेटेवाला बेस हाय. टीव्हीवरचे घालतात तसला चकचकीत झगा नाय का ह्याला?"

"पण मामा, फेट्यात तुझे कान दिसत नाहीत."

"तेच बरं हाय. लग्नाच्या फोटोपासून सगळ्यांना तेवढंच दिसतंय. तुज्या मामीनं पहिल्यांदा बघितलं तवा रडली होती."

"व्हय तर," मामी म्हणाली. "झाक रे बाबा, झाक ते."

मी फोन ठेवला. राग कुणावर काढायचा हेच कळेना. क्लेअरवर काढावा तर ती मामाच्याच बाजूची निघाली. इतकी वर्षं मी समजत होतो, गाव मी सोडलं तसं जपून ठेवायची जबाबदारी माझी आहे. गावाला तर चकचकीत झगा हवा होता, आणि मला विचारायची त्याला गरजही नव्हती. घर म्हणजे आता माझ्यापुरतं एवढंच: ज्यांच्या वतीनं मी परदेशात तावातावानं भांडतो आणि जी फोनवर मला दोन मिनिटांत चीत करतात, ती माणसं. चिडचीड होते. पण दुसऱ्या कुणाकडून असं हरायलाही आवडत नाही.

सोमवारी क्लेअरला म्हटलं, फेटा ठेवू, झगाही देऊ. तिनं कौतुक केलं. मग मी फाइल उघडली आणि फेटा आणखी बोटभर खाली ओढला, मामीसाठी.