भाऊंचा सोमवार

भाऊंचं वाक्य खोडायचं नाही.

आमच्या चाळीत मूल चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात. गॅलरीच्या कठड्यावर चढायचं नाही, आणि भाऊंचं वाक्य खोडायचं नाही. कठड्यावर चढलेली दोन मुलं मला माहीत आहेत. भाऊंना खोडलेलं एकही माणूस माहीत नाही.

मी खोडायला गेले. मानसशास्त्रात एमए, तोंड फटकळ, कोणाच्या बापाला घाबरत नाही! मग माझी जी काही शोभा झाली ती ऐका. आधी चहा पिऊन घ्या, नंतर गार होईल. अंगावर काटा आला तर मला दोष देऊ नका.

भाऊ म्हणजे आमचे पुढारी. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी गिरणीच्या गेटवर भाषणं केली, मग तीनदा नगरसेवक झाले, आणि आता चौथ्यांदा उभं राहायचं म्हणतात. तो नियमही गेटवरचाच. मालकाला आपल्यात फूट दिसता कामा नये, म्हणून भाऊ बोलले की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बरोबर भाऊ!" कोणाचं वेगळं मत असेल तर ते नंतर, चहाच्या वेळी सांगायचं. गिरण्या गेल्या, तिथे मॉल आले. ते 'नंतर' मात्र अजून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात भाऊ एका बारशाला गेले आणि शोकसभेचं भाषण करून आले. लोकांनी काय करावं? दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली! रडत होतं ते फक्त बाळ.

मी घरी येऊन बाबांवर उखडले. बाबा म्हणजे भाऊंचे जुने कार्यकर्ते, गेटवरच्या सभांपासून, चाळीस वर्षं त्यांच्या खुर्चीमागे उभे.

"बाबा, तुम्हाला कंपनीने साठीला घरी पाठवलं ना? मग वॉर्ड चालवणाऱ्या माणसाला वय नाही?"

"हळू बोल, सायली."

"का हळू? एकदा तपासून घ्या ना त्यांना! मी रोज तेच काम करते."

खरंच तेच करते. परळला एक डॉक्टर मॅडम आहेत, विसरभोळेपणाचे पेशंट बघतात. त्यांच्याकडे मी चाचणी घेते. आज वार कोणता, हे पाच शब्द लक्षात ठेवा, एक घड्याळ काढा. वीस मिनिटांचं काम. त्यावरून पुढे काय करायचं ते मॅडम ठरवतात.

मला वाटलं बाबा भडकतील. दोन दिवसांनी तेच म्हणाले, "उद्या दुपारी ये ऑफिसात. भाऊ तयार आहेत. समोरची पार्टी पसरवते आहे की म्हाताऱ्याला काही आठवत नाही. तू तपास आणि कागदावर सही दे. नाक्यावरच्या फळ्यावर लावू."

मॅडमनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, चाचणीच्या खोलीत दोघंच. तिसरं माणूस नको. पण मी म्हटलं, बसू देत सगळे! एकदा आपल्या डोळ्यांनी बघू देत! शहाणपणा बघा माझा.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आईने तळलेले बांगडे खाऊन आम्ही बापलेक निघालो.

भाऊंचं ऑफिस तळमजल्यावर. पुढच्या खोलीत ऑफिस, पडद्यामागे घर. दाराशी एक परडी, त्यात मोबाईल टाकायचा. मागे कोणीतरी भाऊंचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, तेव्हापासूनची पद्धत. मी मोबाईल टाकला आणि आत गेले.

भिंतीवर गेट सभेचा मोठा फोटो. भाऊ मूठ वर करून उभे आणि मागे ओळीने आठ जण. फोटोखाली भाऊ खुर्चीत बसलेले आणि मागे त्याच ओळीत तेच लोक! फक्त केस पांढरे. आठव्या खुर्चीवर कोणी नव्हतं. तिथले दत्ताराम काका तीन वर्षांपूर्वी गेले. खुर्ची कोणी हलवली नव्हती. बाबा जाऊन आपल्या जागेवर बसले आणि त्यांचा चेहरा एकदम फोटोतल्यासारखा झाला.

"भाऊ, आज वार कोणता?"

"सोमवार."

"बरोबर भाऊ!" सात आवाज.

मी हसून म्हटलं, "काका, तुम्ही कोणी बोलायचं नाही. आणि आज बुधवार आहे."

सगळ्यांत म्हातारे तात्या माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "गो बाय, सोमवारच तो. भाऊ म्हणतत ना?"

"तात्या, बुधवार!"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. वर मोठ्या अक्षरांत सोमवार.

मोबाईल काढायला कंबरेला हात घातला, तो परडीत. भिंतीवरचं घड्याळ बंद. खिडकीचं दार ओढलेलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "सोमवार आहे, बेटा."

आता मला सांगा, भिंत सांगते सोमवार, सात माणसं सांगतात सोमवार, जन्मदाता बाप सांगतो सोमवार. तुम्ही काय केलं असतं? काल मंगळवार होता असं मला वाटत होतं, पण त्याला पुरावा काय? रविवारी मी काय केलं होतं? काही केल्या आठवेना! रोज दुसऱ्यांना विसरभोळे ठरवणारी मी, मला घाम फुटला.

मी फॉर्मवर लिहिलं, सोमवार. पुढे बरोबरची खूण केली.

मग पाच शब्द सांगितले. हळद, खिडकी, पितळ, मोगरा, शिट्टी. थोड्या वेळाने म्हटलं, "भाऊ, मघाचे शब्द सांगा बघू."

भाऊंनी डोळे मिटले आणि पाच नावं सांगितली. माणसांची नावं. चाळीतल्याच माणसांची. सगळी गेलेली. पाचवं नाव होतं दत्ताराम.

"बरोबर भाऊ."

मी गडबडीने कागद पुढे केला. "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

भाऊंनी गोल असा काढला की कंपास लावल्यासारखा. बाराच्या बारा आकडे जागच्या जागी. आणि पेन खाली ठेवलं.

"भाऊ, काटे?"

"काटे आत्ता नाही. गिरणीचा भोंगा झाल्याशिवाय काटे कशाला?"

"बरोबर भाऊ!"

या वेळी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण आवाज आठ आले होते. देवाशपथ सांगते, आठ! मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामीच होती. फोटोतले दत्ताराम काका माझ्याकडे बघत होते. मग आठवा कोण बोललं?

माझं तोंड उघडं होतं. आठवा आवाज माझा होता.

"झालं ना?" बाबांनी पेन माझ्या हातात दिलं. "लिही, स्मरणशक्ती उत्तम. आणि सही कर."

मला वाईट सवय आहे, सही करण्याआधी पेन धरलेला हात नाकाशी नेते. तसा नेला. आणि वास आला.

बांगडा!

साबणाने हात धुऊनही जात नाही बघा तो. आमच्याकडे सोमवारी बांगडा? बाबा सोमवारी अंड्याचं टरफलसुद्धा घरात ठेवू देत नाहीत. गेल्या वर्षी सोमवारी शेजारच्यांनी सुकट भाजली तर हा माणूस गॅलरीत जाऊन बसला होता!

"बाबा, हात दाखवा."

"काय?"

"हाताचा वास घ्या. तासाभरापूर्वी दोन बांगडे खाऊन आलात तुम्ही. आज सोमवार आहे?"

बाबांनी हात मागे घेतला. पण त्यांचे डोळे खाली गेले, आणि तेव्हा मला कळलं. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनी दोन दिवस पान फाडलं नव्हतं, आणि ते पान भाऊंशिवाय कोणी फाडायचं नाही. म्हणून या खोलीत दोन दिवस सोमवारच चालला होता.

तेवढ्यात भाऊ उठले. काठी शोधायला लागले.

"चला, मी घरी निघतो. उशीर झाला. ही जेवायची थांबली असेल."

घर पडद्यामागे होतं. आणि काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"बरोबर भाऊ," सात जण म्हणाले. जागचं कोणी हललं नाही. त्यांच्या हातात काठी द्यायलाही कोणी उठलं नाही. भाऊ त्या खोलीच्या मधोमध उभे, चारी भिंतींकडे बघतायत आणि दार कुठलं ते त्यांना कळत नाहीये. मागे सात माणसं माना डोलावतायत. किती दिवस हे असं चाललं असेल? एका माणसाला औषधाची गरज आहे आणि त्याला मिळतं काय, तर होकार!

मी पेन टेबलावर आपटलं.

"मी सही करणार नाही."

"सायली!" बाबा.

"नाही करणार! आणि बरोबर नाही, भाऊ. तुम्ही घरीच आहात, हे तुमचंच घर आहे. आज बुधवार आहे. उद्या माझ्याबरोबर आमच्या डॉक्टर मॅडमकडे चला."

तात्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, जणू छत कोसळणार आहे.

भाऊ हळूच खाली बसले. हरवलेल्या लहान मुलाला कोणीतरी ओळखीचं भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"घरीच आहे होय मी?" ते म्हणाले. "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

सात जणांतून एकही 'बरोबर भाऊ' नाही. मी छाती फुगवून उभी, अख्ख्या चाळीत खरं बोलणारी मी एकटीच!

भाऊंनी चष्मा लावला, टेबलावरचा माझा फॉर्म उचलला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मग पोरी, इथे सोमवार कोणी लिहिलंय?"